ऑगस्ट स्पीस (१८५५–१८८७) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामगार दिनाच्या निमित्ताने शिकागोच्या हुतात्म्यांचा उल्लेख दरवर्षी होतो. पण ही माणसे कोठून आली होती आणि कोणता धंदा करून पोट भरत होती, हे सहसा सांगितले जात नाही. त्यांच्यापैकी ऑगस्ट स्पीस यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

स्पीस कोण होते?

स्पीस हे शिकागोतील जर्मन कारागीर, समाजवादी चळवळीतले वक्ते आणि ‘आर्बायटर-त्सायटुंग’ या जर्मन कामगार दैनिकाचे संपादक होते. जर्मनीतील हेसे प्रांतात १० डिसेंबर १८५५ रोजी त्यांचा जन्म झाला. खुर्च्या आणि कोच मढवण्याचा धंदा ते अमेरिकेत शिकले. शिकागोच्या हेमार्केट चौकाजवळ ४ मे १८८६ रोजी कामगारांच्या सभेत झालेल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यात दोषी ठरवून त्यांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आली, तेव्हा त्यांना बत्तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

ते गरिबीला कंटाळून अमेरिकेत गेले का?

तसे म्हणता येणार नाही. त्यांचे वडील सरकारी नोकरीत वनाधिकारी होते आणि मुलानेही तीच वाट धरावी या हेतूने त्याचे शिक्षण चालले होते. स्पीस कासेल येथे शिकत असताना वडिलांचे निधन झाले, घरातल्या मोठ्या मुलाच्या शिक्षणावर होणारा खर्च कुटुंबाला जड जाऊ लागला आणि अमेरिकेत आधीच स्थिरावलेल्या नातेवाइकांच्या आधाराने १८७२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे त्यांनी मढवणीचे काम शिकून घेतले आणि १८७३ मध्ये शिकागो गाठले. नेमके त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली. साहेबी नोकरीच्या उंबरठ्यावरून थेट कारखान्याच्या बाकावर येऊन बसलेला हा तरुण होता. कामगारांची स्थिती पाहून त्यांना जो धक्का बसला, त्याचे कारण मला त्यांच्या स्वतःच्या हलाखीपेक्षा या घसरणीत अधिक दिसते.

मढवणीच्या कामात नेमके काय करावे लागे आणि त्या धंद्याची स्थिती कशी होती?

लाकडी सांगाड्याच्या तळाशी जाड पट्ट्या ताणून ठोकायच्या, त्यांवर स्प्रिंगा बसवून त्या दोऱ्यांनी एकमेकींना घट्ट बांधायच्या, वर घोड्याचे कुरळे केस किंवा तत्सम भरण दाबून बसवायचे, गोणपाट ओढायचे आणि शेवटी कापड किंवा चामडे चढवून बारीक चुका मारायच्या, असे ते काम होते. चुका तोंडात धरून एकेक हातोडीच्या टोकावर घेण्याची या कारागिरांची रीत होती. भरणाची धूळ दिवसभर नाकातोंडात जाई. काम कसबाचे असले तरी लोहार किंवा सुतार यांच्याइतकी भारी अवजारे त्याला लागत नसत, म्हणून थोड्या भांडवलावर स्वतःचे दुकान काढणे शक्य होते.

१८७१ च्या भीषण आगीनंतर शिकागो नव्याने उभे राहत होते. मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या जंगलांतले लाकूड सरोवरामार्गे येथे उतरे आणि तयार माल रेल्वेने पश्चिमेकडे जाई, त्यामुळे फर्निचरचा धंदा झपाट्याने वाढला. त्यात जर्मन कारागिरांचा भरणा मोठा होता. मात्र कारखान्यांत कामाचे तुकडे पडत चालले होते: अख्खी खुर्ची घडवणाऱ्या माणसाला दिवसभर तिचा एकच भाग करावा लागे आणि ते काम थोड्या दिवसांत शिकवलेला मुलगाही कमी मजुरीत करू शके.

मग स्पीस कामगार होते की मालक?

दोन्ही. काही काळ नोकरी आणि इतर उद्योग करून पाहिल्यावर १८७६ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे दुकान थाटले आणि जर्मनीहून आलेल्या आई-भावंडांचा भार उचलला. त्यांच्यावर टीका करणारे याकडे बोट दाखवत आणि त्यांचे चाहते ही गोष्ट गाळत. एकोणिसाव्या शतकातल्या कामगार चळवळीत असे लहान दुकानदार-कारागीर पुष्कळ होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यात विसंगती वाटत नाही. त्याच खटल्यातले जॉर्ज एंगेल खेळण्यांचे दुकान चालवत. मिखाएल श्वाब बुकबाइंडर होते, अॅडॉल्फ फिशर आणि अल्बर्ट पार्सन्स छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, लुई लिंग सुतार, सॅम्युएल फील्डन गाडीवान. आठ आरोपींपैकी केवळ पार्सन्स आणि ऑस्कर नीबे हे दोघे अमेरिकेत जन्मलेले होते.

ते राजकारणात कसे ओढले गेले?

१८७५ मध्ये त्यांनी एका तरुण कारागिराचे समाजवादावरचे व्याख्यान ऐकले. व्याख्यान सामान्यच होते, परंतु त्यामुळे ते वाचू लागले. खरी कलाटणी १८७७ च्या उन्हाळ्यात मिळाली. वेतनकपातीविरुद्ध देशभर रेल्वे कामगारांचा संप पेटला होता आणि शिकागोत पोलीस व सैन्य रस्त्यावर होते. त्या जुलै महिन्यात फर्निचर कारागिरांची एक सभा बाराव्या रस्त्यावरील टर्नर हॉलमध्ये शांतपणे चालली असताना पोलीस आत घुसले, त्यांनी बेदम मारहाण केली, गोळ्या झाडल्या आणि चार्ल्स टेसमान हा कामगार ठार झाला. पुढे न्यायाधीश मॅकअॅलिस्टर यांनी या प्रकरणात पोलिसांनाच दोषी ठरवले. सभेला जमलेले लोक स्पीस यांच्याच धंद्यातले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच वर्षी ते सोशलिस्टिक लेबर पार्टीत गेले आणि ‘लेअर उंड वेअर फेराइन’ या कामगारांच्या सशस्त्र कवायत मंडळातही सामील झाले. अशा मंडळांच्या सशस्त्र संचलनावर इलिनॉय राज्याने १८७९ मध्ये बंदी घातली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ च्या आरंभी ती वैध ठरवली. श्रीमंतांच्या स्वयंसेवी पलटणी मात्र परवान्यानिशी चालू राहिल्या.

मतपेटीवरचा त्यांचा विश्वास का उडाला?

१८७९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत समाजवादी उमेदवार डॉ. अर्न्स्ट श्मिट यांना सुमारे १२ हजार मते पडली होती आणि पक्षाचे काही नगरसेवकही निवडून आले होते. म्हणजे सनदशीर मार्गाने काही साधेल असे वाटण्याजोगी स्थिती होती. पुढच्याच वर्षी चौदाव्या प्रभागात फ्रँक स्टॉबर या समाजवादी नगरसेवकाची निवड मतमोजणीत उघड फेरफार करून हिरावण्यात आली. स्टॉबर दीर्घकाळ न्यायालयात झगडले आणि अखेर जागा त्यांना मिळाली, परंतु फेरफार करणारे निवडणूक अधिकारी निर्दोष सुटले. शिकागोच्या जर्मन समाजवाद्यांत या प्रकरणाची जखम खोल गेली. स्पीस एकाएकी माथेफिरू झाले असे जे चित्र तत्कालीन वृत्तपत्रांनी रंगवले, ते खोटे ठरवायला हा घटनाक्रम पुरेसा आहे.

१८८३ मध्ये पिट्सबर्ग येथे क्रांतिकारी समाजवाद्यांची परिषद भरली. तेथे ‘इंटरनॅशनल वर्किंग पीपल्स असोसिएशन’चा जाहीरनामा तयार करणाऱ्या पाच जणांच्या समितीत जर्मन अराजकवादी योहान मोस्ट आणि अल्बर्ट पार्सन्स यांच्यासह स्पीसही होते. यापुढे बळाचा वापर अटळ आहे, असे हा जाहीरनामा स्पष्टपणे म्हणतो.

कोच मढवणारा माणूस संपादक कसा झाला?

हिशेबामुळे! ‘आर्बायटर-त्सायटुंग’ १८८० मध्ये डबघाईला आले होते. दुकान चालवण्याचा अनुभव असलेल्या स्पीस यांना व्यवस्थापक नेमले गेले आणि त्यांनी पत्राची आर्थिक घडी बसवली. १८८४ पासून ते मुख्य संपादक झाले, तर श्वाब त्यांचे सहसंपादक होते. त्या काळी शिकागोच्या परदेशी रहिवाशांत जर्मनांची संख्या सर्वांत मोठी होती. त्यांच्या वस्त्यांत हे पत्र म्हणजे नोकरीच्या बातम्या, संघटनांच्या सभा, सहली, नाटके आणि राजकारण यांचा एकत्रित मजकूर असे. स्पीस जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत प्रभावी बोलत, म्हणून जर्मन कारागिरांच्या गल्लीबाहेरही त्यांना मागणी होती.

आठ तासांच्या दिवसाची मागणी त्यांनीच पुढे आणली होती ना?

नाही. त्यांच्याविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज हाच आहे. १ मे १८८६ पासून आठ तासांचा कामाचा दिवस मानला जावा, हा ठराव ऑक्टोबर १८८४ मध्ये शिकागोत भरलेल्या कामगार संघटनांच्या महासंघाच्या अधिवेशनात झाला होता. हा महासंघ मवाळ धंदेवाईक संघांचा होता. स्पीस आणि त्यांचे सहकारी प्रारंभी या मागणीची टर उडवत असत, कारण मालकी आणि मजुरी ही व्यवस्था तशीच ठेवून तास कमी केल्याने मूळ रोग जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

१८८६ च्या वसंतात मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत हजारो असंघटित कामगार, विशेषतः जर्मन, बोहेमियन आणि पोलिश स्थलांतरित, या एका मागणीभोवती गोळा होऊ लागले. तेव्हा स्पीस यांनी पवित्रा बदलला आणि सभांमागून सभा घेतल्या. हे मतपरिवर्तन होते की संधी साधणे होते, यावर वाद होऊ शकतो. जिथे लोक उभे आहेत तिथे जाऊन बोलणे हा चळवळीतल्या माणसाचा धर्मच असतो, त्यामुळे मला त्यात लबाडी दिसत नाही. १ मे रोजी एकट्या शिकागोत सुमारे ४० हजार आणि देशभरात तीन लाखांहून अधिक कामगार संपावर गेले. तो दिवस शिकागोत शांततेत गेला. पुढे ज्या मागणीचा चेहरा म्हणून स्पीस यांना जग ओळखू लागले, ती मागणी त्यांनी उशिरा आणि काहीशा नाइलाजाने स्वीकारली होती.

३ आणि ४ मे रोजी नेमके काय घडले?

मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यात फेब्रुवारीपासून टाळेबंदी होती आणि जुन्या कामगारांच्या जागी दुसरे भरले गेले होते. ३ मे रोजी दुपारी लाकूडवखारींतील हमालांची सभा त्या कारखान्याजवळच्या मोकळ्या जागेत भरली होती आणि स्पीस तेथे बोलत होते. कारखान्याची घंटा होताच सभेतले काही शे लोक बदली कामगारांना अडवायला धावले. स्पीस यांनी त्यांना जागेवर थांबण्याचे आवाहन केले होते. पोलीस आले, गोळीबार झाला आणि माणसे पडली. हे पाहून स्पीस कार्यालयात परतले आणि सहा जण ठार झाल्याची वृत्तपत्रातली बातमी खरी मानून (प्रत्यक्षात मृतांची संख्या कमी होती) त्यांनी संतापाच्या भरात कामगारांना शस्त्रे उचलण्याचे आवाहन करणारे पत्रक लिहिले. ‘सूड’ हा त्यावरचा ठळक मथळा आपण दिला नव्हता, जुळारीने परस्पर घातला, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. उरलेला मजकूर त्यांनी कधी नाकारला नाही.

दुसऱ्या दिवशी निषेधसभेची हस्तपत्रके निघाली. त्यात ‘शस्त्रे घेऊन या’ अशी एक ओळ होती. ती काढल्याशिवाय आपण बोलणार नाही असे स्पीस यांनी बजावले, तेव्हा ओळ काढून पुन्हा छपाई झाली, पण जुन्या पत्रकांपैकी थोडी वाटली गेलीच. रात्री सभा हेमार्केट चौकालगतच्या डेसप्लेन्स रस्त्यावर एका रिकाम्या मालगाड्यावरून झाली. आधी स्पीस, मग पार्सन्स, शेवटी फील्डन बोलले. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः ऐकायला आले होते आणि सभा शांत आहे असे पोलीस ठाण्यात सांगून घरी गेले. पावसाची लक्षणे दिसल्यावर गर्दी पांगली आणि काही शेच लोक उरले. रात्री दहाच्या सुमारास इन्स्पेक्टर जॉन बॉनफील्ड पावणेदोनशे पोलीस घेऊन आले आणि सभा मोडण्याचा हुकूम झाला. ‘आम्ही शांतच आहोत,’ असे म्हणत फील्डन गाड्यावरून उतरत असतानाच पोलिसांच्या रांगेत बॉम्ब पडला. मॅथायस डेगन हा शिपाई त्यात मारला गेला. पुढच्या काही मिनिटांच्या अंदाधुंद गोळीबारात आणि नंतरच्या दिवसांत मिळून सात पोलीस दगावले. त्यांपैकी काहींना अंधारात आपल्याच सहकाऱ्यांच्या गोळ्या लागल्या असाव्यात, असे मानायला बळकट आधार आहे. किमान चार कामगारही मृत्युमुखी पडले. स्पीस यांच्या पाठीवर रोखलेले पिस्तूल त्यांचा भाऊ हेन्री याने बाजूला सारले आणि ती गोळी त्याला लागली.

बॉम्ब कोणी टाकला?

हे कधीच सिद्ध झाले नाही. श्वाब यांचे मेहुणे रुडॉल्फ श्नाउबेल्ट यांच्यावर संशय होता. ते देश सोडून गेले आणि परत आले नाहीत. बॉम्बची वात स्पीस यांनी पेटवून दिली, अशी साक्ष हॅरी गिल्मर नावाच्या माणसाने दिली, परंतु उलटतपासणीत आणि बचाव पक्षाच्या साक्षीदारांपुढे ती टिकली नाही.

मग स्पीस सर्वस्वी निष्पाप होते असे म्हणावे का?

बॉम्बफेकीशी त्यांचा संबंध दाखवणारा विश्वासार्ह पुरावा पुढे आला नाही, आणि फौजदारी न्यायात प्रश्न तेवढाच असतो. तरीही त्यांचे चरित्र धुऊन-पुसून सांगणे योग्य नाही. डायनामाइटची भाषा त्यांच्या पत्रात वारंवार येत असे आणि भेटीला आलेल्या बातमीदारांना बॉम्बचे कवच दाखवून दिपवण्याची त्यांना हौस होती. ४ मे च्या अंकात छापलेला ‘रूहे’ (शांतता) हा शब्द काही सशस्त्र गटांचा संकेत होता. आपण तो अर्थ न कळता छापला आणि कळताच निरोप धाडून खुलासा करायला सांगितले, असे त्यांचे म्हणणे होते. १८८५ च्या ट्राम संपात बॉनफील्ड यांच्या पोलिसांनी रस्त्यावरच्या माणसांना झोडपले होते, तेव्हापासून या भाषेला श्रोतेही मिळत होते. तरी शब्दांची जबाबदारी लिहिणाऱ्याची असते आणि स्पीस यांनी ती नाकारली नाही.

खटल्यात काय चुकले?

२१ जून १८८६ रोजी न्यायाधीश जोसेफ गॅरी यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. ज्यूरी चिठ्ठ्या टाकून निवडण्याऐवजी एका विशेष बेलिफाने माणसे हेरून आणली आणि निवडीलाच सुमारे तीन आठवडे लागले. आपले मत आधीच झाले आहे असे सांगणाऱ्यांनाही न्यायाधीशांनी पात्र ठरवले. सरकारी वकील ज्युलियस ग्रिनेल यांचा युक्तिवाद असा होता की, आरोपींनी भाषणांतून आणि लेखांतून खुनाला सर्वसाधारण चिथावणी दिली, म्हणून फेकणारा कोण हे ठाऊक नसले तरी ते खुनात सामील आहेत. हा मुद्दा न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेल्या सूचनांत मान्य केला आणि येथेच खटला निकालात निघाला. २० ऑगस्ट रोजी ज्यूरीने सात जणांसाठी मृत्युदंड आणि नीबे यांच्यासाठी १५ वर्षांची कैद ठरवली. अलीकडच्या काही इतिहासकारांनी हा खटला त्या काळच्या रीतीला धरूनच होता असे मांडले आहे. पुराव्यांच्या तपशिलात त्यांनी मोलाची भर घातली आहे, पण अनोळखी फेकणाऱ्याच्या कृत्यासाठी ओळखीच्या वक्त्यांना फाशी देणे त्यामुळे पटण्याजोगे होत नाही.

न्यायाधीशांनी ही शिक्षा रीतसर सुनावण्यापूर्वी, ७ ऑक्टोबर रोजी, स्पीस बोलले. आपण एका वर्गाचा प्रतिनिधी म्हणून दुसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधीशी बोलत आहोत, असा त्यांचा आरंभ होता. आम्हाला फासावर देऊन तुम्ही एक ठिणगी पायाखाली चिरडाल, पण ही आग जमिनीखालची आहे आणि ती तुम्हाला विझवता येणार नाही, असे त्यांनी बजावले.

त्यांनी दयेचा अर्ज केला होता का?

आधी केला, मग मागे घेतल्यासारखेच केले. श्वाब आणि फील्डन यांच्यासह त्यांनी राज्यपाल रिचर्ड ऑग्ल्सबी यांच्याकडील अर्जावर सही केली होती. सोबत्यांनी त्यावर नाराजी व्यक्त केल्यावर त्यांनी दुसरे पत्र लिहिले आणि एकाच्या प्राणाने समाधान होणार असेल तर तो माझा घ्यावा, इतरांना सोडावे, अशी विनंती केली. राज्यपालांनी श्वाब आणि फील्डन यांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. लिंग यांनी आदल्या दिवशी कोठडीत आत्महत्या केली. स्पीस, पार्सन्स, फिशर आणि एंगेल यांना फाशी झाली. ‘आज तुम्ही ज्यांचे गळे आवळत आहात त्यांच्या आवाजापेक्षा आमचे मौन अधिक प्रभावी ठरेल, असा काळ येईल,’ हे स्पीस यांचे शेवटचे उद्गार होते.

तुरुंगात त्यांचे लग्न झाले, हे खरे आहे का?

होय. नीना व्हॅन झँट ही सधन घरातली सुशिक्षित तरुणी खटला ऐकायला येत असे. अधिकाऱ्यांनी तुरुंगात विवाहाला परवानगी नाकारल्यावर जानेवारी १८८७ मध्ये स्पीस यांच्या भावाला प्रतिनिधी म्हणून उभे करून विधी उरकण्यात आला. वृत्तपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने खर्च केले.

नंतर सरकारने चूक मान्य केली का?

२६ जून १८९३ रोजी राज्यपाल जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी फील्डन, नीबे आणि श्वाब यांना माफी दिली. दया म्हणून नव्हे, तर ज्यूरी पक्षपाताने निवडली गेली, आरोपींचा फेकणाऱ्याशी संबंध सिद्ध झाला नाही आणि न्यायाधीश पूर्वग्रहदूषित होते, अशी कारणे देऊन! आल्टगेल्ड स्वतः जर्मनीत जन्मलेले होते आणि टीकाकारांनी त्यांना तेही ऐकवले. १८९६ ची निवडणूक ते हरले. बॉनफील्ड यांना त्याआधीच, १८८९ मध्ये, भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून पोलीस दलातून जावे लागले होते.

या सगळ्याचा मुंबईच्या कामगार चळवळीशी काही संबंध आहे का?

त्या वर्षांत थेट संबंध नव्हता. मात्र काळ एकच होता. सप्टेंबर १८८४ मध्ये, म्हणजे शिकागोतील ठरावाच्या जेमतेम महिनाभर आधी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई अशा होत्या. शिकागोत आठ तास मागितले जात असताना मुंबईत सूर्यास्ताची मर्यादा मागावी लागत होती. लोखंडेही ‘दीनबंधु’ हे पत्र चालवत, पण सत्यशोधक परंपरेतून आलेल्या त्यांच्या भाषेत डायनामाइटला जागा नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

१८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने १ मे १८९० रोजी सर्व देशांत आठ तासांसाठी निदर्शने करण्याचे ठरवले आणि तेथून कामगार दिनाची प्रथा पडली. भारतात १९२३ मध्ये सिंगारवेलू यांनी मद्रासला तो पाळला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यापासून आपल्याकडे हे दोन्ही दिवस एकत्र आले आहेत.

शिकागोत आज काय पाहता येते?

स्पीस आणि त्यांचे सहकारी शहराबाहेरील वाल्डहाइम दफनभूमीत आहेत. तेथील स्मारक २५ जून १८९३ रोजी, माफीच्या आदल्या दिवशी, उघडले गेले आणि त्याच्या पायथ्याशी स्पीस यांचे अखेरचे वाक्य कोरले आहे. हेमार्केटच्या जागी मात्र सर्वांत आधी, १८८९ मध्ये, पोलीस शिपायाचा पुतळा बसला. १९२७ मध्ये एक ट्राम रुळांवरून घसरून त्याच्यावर आदळली, १९६९ आणि १९७० मध्ये तो बॉम्बने उडवला गेला, मग तो जागा बदलत राहिला आणि २००७ पासून पोलीस मुख्यालयापाशी आहे. सभेच्या ठिकाणी, जिथे गाडा उभा होता तिथे, गाड्यावरच्या वक्त्यांचे शिल्प बसायला २००४ साल उजाडावे लागले.